बाटली आडवी, घर उभं

आमच्या डर्बीशायरमधल्या गावातला एकुलता एक पब जानेवारीपासून बंद आहे. दारावर विक्रीची पाटी लागली, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली गेली आणि मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये सभा भरली. दोन तास नुसती खडाजंगी. एका बाजूचे म्हणत होते, पब गेला म्हणजे इंग्लंड गेलं. आमचे आजोबा इथं बसायचे, पणजोबा इथं बसायचे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्याला प्यायची आहे त्यानं सुपरमार्केटमधून आणून घरी प्यावी. धंदा चालत नाही तो बंद पडणारच, त्यात गावाचा पैसा कशाला? पुढं गुढीपाडव्याला आम्ही मराठी मंडळी जमलो तेव्हा मी हा विषय काढला. गावानं पब विकत घेण्यासाठी भागभांडवल उभं केलं तर मीही पैसे घालणार आहे, असं सांगितलं. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक काकू ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "अरे, आमच्या गावात बाटली आडवी करायला बायका दारोदार फिरल्या. नवऱ्यांचा मार खाल्ला त्यांनी. आणि तू इथं गुत्ता वाचवायला पैसे घालतोस?"

हॉलमधल्या दोन तासांत कुणी विचारला नाही असा प्रश्न काकूंनी एका दमात विचारला. त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पबच्या बाजूनं बोलण्याचा अधिकार नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. गावानं आपला पब विकत घ्यावा आणि तो घेण्याचा पहिला हक्क कायद्यानं गावालाच द्यावा. मात्र त्याचं कारण बीअर नाही, आणि पणजोबांची आठवण तर नाहीच नाही. गावात कुणालाही, कुठलंही कारण न सांगता येऊन बसता येईल अशी जी शेवटची खोली उरली आहे, तिचं काय करायचं हे कुणी ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद होतं, त्यामागचं तत्त्वही हेच आहे. वस्तीतल्या अशा जागेबद्दल शेवटचा शब्द वस्तीचा. मालकाचा नाही, परवाना देणाऱ्याचाही नाही. काकूंच्या गावानं तो हक्क बजावून दुकान बंद केलं. आमच्या गावाला तोच हक्क वापरून घर उघडं ठेवायचं आहे.

'पब' हा शब्द 'पब्लिक हाउस'चा तुकडा आहे. घर, पण सगळ्यांचं. हे मला पुस्तकातून कळलं नाही, बाबांमुळं कळलं. बाबा कराडच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांसाठी माझ्याकडं आले आणि ऐन हिवाळ्यात अडकले. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात दारूला स्पर्श नाही. दुपारी चारला अंधार पडायचा, आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, बाबा खिडकीत. शेजारचा, दगडाच्या खाणीत आयुष्य काढलेला म्हातारा एक दिवस त्यांना हाताला धरून पबमध्ये घेऊन गेला. आधी बाबा बिचकले. मग तिथं डॉमिनोजचा डाव पाहिला. या भागात 'फाइव्ह्ज अँड थ्रीज' खेळतात: सोंगटी लावल्यावर दोन्ही टोकांच्या ठिपक्यांची बेरीज पाचानं किंवा तीनानं भागली गेली तर गुण, आणि गुण मोजायला भोकं पाडलेली लाकडी पट्टी, तिच्यात खुंट्या सरकवायच्या. एकसष्ट झाले की डाव जिंकला. गणिताच्या मास्तरांना आणखी काय हवं? दोघांची भाषा एकमेकांना धड कळत नव्हती. तो डर्बीशायरच्या ठसक्यात बोलायचा, बाबा शाळेतल्या इंग्रजीत. पण पुढचे चार महिने रोज चार ते सहा, शेकोटीजवळचं दुसरं टेबल, म्हाताऱ्यापुढं बीअरचा अर्धा पाइंट, बाबांपुढं संत्र्याचा रस. बाबांनी किती रस प्यायला याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि "तुम्ही पीत नाही तर इथं का बसता?" असंही कुणी विचारलं नाही.

तेव्हा "पब म्हणजे गुत्ता" हे विधान मी सरसकट मान्य करणार नाही. पण त्यात जे खरं आहे ते पुरतं मान्य केलं पाहिजे. १८८३ पर्यंत इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी मजुरांचा पगार पबमध्येच वाटला जायचा. हातात पैसे पडले की निम्मे तिथंच परत जायचे आणि घरची बाई उंबऱ्यात वाट पाहत बसायची. ते थांबवायला संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, लंडनच्या गरीब वस्त्या जिन या स्वस्त, कडक दारूत इतक्या बुडाल्या की १७३६ आणि १७५१ अशा दोन मोठ्या कायद्यांनी तिला वेसण घालायचा प्रयत्न झाला. व्हिक्टोरियन काळातल्या दारूविरोधी चळवळीतल्या बायकांना इथं आज हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही. काकूंच्या गावातल्या बायकांनी जे सोसलं तेच त्यांनीही सोसलं होतं.

आता आजचा ब्रिटन पाहू. २०१९ मध्ये या देशात थेट दारूमुळं ओढवलेल्या मृत्यूंची नोंद ७,५६५ होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळं देशातले सगळे पब बंद झाले आणि नंतरही कितीतरी महिने ते कुलूपबंद किंवा निर्बंधांखाली राहिले. पबमुळं लोक दारू पिऊन मरतात हे खरं असतं तर त्या वर्षी आकडा खाली यायला हवा होता. तो ८,९७४ वर गेला. २०२३ मध्ये १०,४७३, तोवरचा उच्चांक. एका आकड्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मी जाणतो. ते वर्षच सर्वार्थानं वाईट होतं. पण एवढं तरी उघड झालं की पबला कुलूप लावल्यानं बाटलीला कुलूप लागत नाही. या देशातली बहुतांश दारू आता सुपरमार्केटच्या ट्रॉलीतून घरी जाते आणि बंद दाराआड, टीव्हीसमोर, पुष्कळदा एकट्यानं प्यायली जाते. तिथं "आता पुरे, घरी जा" म्हणणारं कुणी नसतं. बारमागं उभ्या असलेल्या माणसाला नशेत असलेल्याला दारू विकणं कायद्यानं गुन्हा आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला असा कुठला कायदा लागू आहे?

मग "धंदा चालत नाही तो बंद पडणारच" या मुद्द्याकडं येऊ. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, आता सुमारे ४५ हजार आहेत. यातले बरेच बंद पडायलाच हवे होते हे मी मान्य करतो. घाणेरडे होते, चालवणाऱ्याला आस्था नव्हती, एका रस्त्यावर पाच-पाच होते. लोकांच्या सवयीही बदलल्या. तरुण मुलं कमी पितात, आणि ते चांगलंच आहे. पण हा सगळा बाजाराचा नैसर्गिक न्याय आहे असं म्हणणाऱ्यांनी इतिहास उघडून पाहावा. एलहाउस, म्हणजे बीअर विकणारं जुन्या काळचं घर, चालवायला न्यायाधीशांचा परवाना हवा, हा १५५२ चा कायदा. १८३० मध्ये सरकारनं ठरवलं की दोन गिनी शुल्क भरलं की कुणीही करदात्या घरमालकानं आपल्या घरात बीअर विकावी. आठ वर्षांत सुमारे ४६ हजार बीअरहाउसं उघडली. मग ती फार झाली म्हणून १९०४ च्या कायद्यानं नुकसानभरपाई देऊन बंद करायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात पब उघडे ठेवायच्या वेळा आवळल्या आणि दुपारी बंद ठेवायची ती सक्ती १९८८ पर्यंत टिकली. १९८९ मध्ये बड्या ब्रुअरींची, म्हणजे बीअर बनवणाऱ्या कंपन्यांची, मक्तेदारी मोडायची म्हणून दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांना त्यातले बरेच मोकळे करायला लावले. ते हजारोंच्या संख्येनं कर्ज काढून उभ्या राहिलेल्या मालमत्ता कंपन्यांच्या घशात गेले. चालवणारा भाडेही त्यांनाच देणार आणि बीअरही त्यांच्याकडूनच, ते लावतील त्या भावानं घेणार. ज्या धंद्याचं प्रत्येक वळण कायद्यानं ठरवलं, तिथं फक्त आत्ताच, फक्त गावाच्या बाजूनं, कायद्यानं बोट लावायचं नाही?

आणि बहुतेक पब गिऱ्हाईक नाही म्हणून मरतात हेही अर्धसत्य आहे. आमच्या पबचंच घ्या. गुरुवारी क्विझला बसायला जागा नसायची. पण पब म्हणून त्या इमारतीची जी किंमत, तिच्या दुपटीनं ती दोन घरं म्हणून विकली जाते. म्हणजे पब उत्तम चालला तरी तो जागेच्या भावापुढं हरणारच. लंडनमधलं कार्लटन टॅव्हर्न १९२० च्या दशकापासून उभं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातही वाचलं होतं. तिथं फ्लॅट बांधायची परवानगी नाकारली गेली, वारसा इमारतींच्या यादीत त्याचं नाव जाण्याच्या बेतात होतं, आणि एप्रिल २०१५ मध्ये मालकांनी ते बुलडोझर लावून पाडलं. आसपासच्या रहिवाशांनी हार मानली नाही. जसं होतं तसं, विटेला वीट लावून परत बांधा, असा आदेश वेस्टमिन्स्टरच्या कौन्सिलनं काढला, तो अपिलातही टिकला, आणि एप्रिल २०२१ मध्ये कार्लटन पुन्हा उघडलं. डडलीजवळचं क्रुकेड हाउस एवढं नशीबवान नव्हतं. खाणीमुळं जमीन खचून तिरपं झालेलं १७६५ चं घर. आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढाकडं गडगडते आहे असं वाटायचं. ते विकलं गेलं, ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला आग लागली आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंतीही पाडल्या गेल्या. पुन्हा बांधा म्हणून नोटीस निघाली ती नंतर. इमारत जमीनदोस्त झाल्यावर जागं होणारा कायदा काय कामाचा?

एक आक्षेप मला सगळ्यात बोचतो. "सगळ्यांचं घर" म्हणता, पण ते कधी सगळ्यांचं होतं? नव्हतं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये ब्लू गेट्स नावाचा पब होता. तिथल्या एका खोलीत काळ्या आणि भारतीय माणसांना बसू देत नसत. १२ फेब्रुवारी १९६५ ला इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जौहल यांच्यासोबत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथं गेले आणि त्यांना त्या खोलीत काहीही द्यायला नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षी सार्वजनिक जागांत वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. बायकांचं म्हणाल तर, फ्लीट स्ट्रीटवरच्या एका प्रसिद्ध वाइन बारमध्ये बाईनं बारपाशी उभं राहून मागितलं तर देत नसत, टेबलावर जाऊन बसा म्हणत. ते चूक आहे हे न्यायालयाकडून वदवून घ्यायला १९८२ साल उजाडलं. "पणजोबा इथं बसायचे" हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. पणजीला बसू दिलं होतं का, हे आधी विचारावं लागेल.

पण या इतिहासातून निघतं काय? ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी पब बंद करा असं म्हटलं नाही, दार उघडा असं म्हटलं. बर्मिंगहॅममध्ये आणि त्याला लागून असलेल्या 'ब्लॅक कंट्री' या जुन्या कारखानदारी भागात फिरून पाहा. स्मेथविक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थ, जिथं आपल्या माणसांना आत घेत नव्हते तिथंच बंद पडायला आलेले पब पंजाबी कुटुंबांनी घेतले. ओतकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना दिवसभराच्या धुरानंतर बसायला जागा मिळाली. आता तिथं मिक्स्ड ग्रिलच्या तापलेल्या तव्यांचा चरचराट असतो, एका भिंतीवर क्रिकेट, दुसऱ्यावर फुटबॉल, आणि जुने गोरे गिऱ्हाईकही तिथंच. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनमध्ये खिडक्यांच्या रंगीत काचांवर देशांतर करून आलेल्या पंजाब्यांच्या आयुष्याची चित्रं आहेत. त्या काचा पाहताना पबची मालकी बदलली की पब कसा बदलतो, हे मला लख्ख कळलं.

"मग वाचनालय वाचवा, कम्युनिटी हॉल वाचवा, पबच का?" असं हॉलमध्ये एका बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि वाचनालयांसाठीही भांडलं पाहिजे. पण हॉल आधी आरक्षित करावा लागतो, किल्ली कुणाकडं तरी मागावी लागते, तिथं जायला काहीतरी कार्यक्रम लागतो. वाचनालय संध्याकाळी बंद. चर्चला श्रद्धा लागते. क्लबला सभासदत्व. हिवाळ्यात सायंकाळी सातला, घरात एकट्यानं बसवत नाही एवढंच कारण असलेल्या माणसानं जायचं कुठं? खेड्यातल्या पाराला जे काम जमायचं ते इथं थंडी-पावसामुळं उघड्यावर जमत नाही, त्याला छप्पर आणि शेकोटी लागते.

माझ्या मते खरा वाद दोन टोकांच्या मधल्या वाटेचा आहे, आणि ती वाट इंग्लंडनं आधीच चालून पाहिलेली आहे. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथं दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हजारो कामगार संध्याकाळी जवळच्या कार्लाइल शहरात येऊन पिऊन पडू लागले. सरकारनं १९१६ मध्ये काय केलं? दारूबंदी केली नाही. कार्लाइल परिसरातल्या ब्रुअरी आणि पब सरळ ताब्यात घेतले. अनावश्यक पब बंद केले, उरलेल्यांत खाण्याची सोय केली, बसायला प्रशस्त खोल्या बांधल्या. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे पब चालवणाऱ्याला दारूच्या विक्रीवर कमिशन बंद केलं. जेवण आणि बिनदारूची पेयं विकली तरच वरचे पैसे. जास्त पाजण्यात कुणाचाच फायदा उरला नाही. ही व्यवस्था युद्ध संपल्यावरही चालू राहिली, १९७३ मध्ये सरकारनं सगळं विकून टाकेपर्यंत, म्हणजे तब्बल ५७ वर्षं.

त्याच कार्लाइलच्या दक्षिणेला, लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर टोकाला हेस्केट न्यूमार्केट नावाचं चिमुकलं खेडं आहे. हिरवळीचा लांबट चौक, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि 'ओल्ड क्राउन' हा पब. मागच्या गोठ्यात १९८८ मध्ये एक छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिच्या बीअरना आजूबाजूच्या डोंगरांची नावं आहेत, स्किडॉ, ब्लेनकाथ्रा. १९९९ मध्ये ब्रुअरी विकायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ती घेतली, आणि २००३ मध्ये पबही घेतला. सहकारी मालकीचा ब्रिटनमधला पहिला पब तो. सह्याद्रीत गिर्यारोहण करणाऱ्यांना ओळखीचे असलेले ख्रिस बॉनिंग्टन, १९७५ च्या एव्हरेस्ट नैर्ऋत्य भिंतीच्या मोहिमेचे नेते, याच परिसरात राहतात आणि तेही भागधारकांपैकी एक. सरकारनं कार्लाइलमध्ये सोडून दिलेलं काम तीस वर्षांनी शेजारच्या खेड्यानं उचललं.

सहकार म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको, आणि तो कसा बिघडतो हेही नको. चार घरांच्या हातात संस्था गेली की सभासद नावापुरते उरतात. इथंही तो धोका आहे. म्हणून एक सभासद, एक मत हा नियम भागांच्या संख्येवर अवलंबून नसावा, आणि इमारत विकून सभासदांना नफा वाटून घेता येऊ नये, अशी कुलूपबंद तरतूद हवी. तसं घडवता येतं याचा दाखला ब्राइटनला आहे. तिथल्या बेव्हेनडीन या गरीब वसाहतीतला पब मारामाऱ्यांमुळं २०१० मध्ये पोलिसांनी बंद पाडला. रहिवाशांना तो तसा पुन्हा नकोच होता. त्यांनी शेकडो लोकांकडून भाग गोळा केले आणि २०१४ मध्ये 'द बेव्ही' म्हणून स्वतः उघडला. आता तिथं म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाच्या पंगती बसतात. एकाच वस्तीनं एका जागेला आधी नको म्हटलं आणि मग आपल्या अटींवर हवं म्हटलं. काकू, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

कायदा मात्र अजून अर्ध्यावरच आहे. २०११ च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या गावांना पब 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो. मालकानं विकायला काढला तर सहा महिने थांबावं लागतं आणि गावाला बोली लावता येते. पण सातव्या महिन्यात मालक तो हव्या त्या माणसाला विकू शकतो. गावाची बोली घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं नोंदणी केलेल्या गावाला खरेदीचा पहिला हक्क आहे. इंग्लंडसाठी तसाच हक्क देणारं विधेयक २०२५ मध्ये संसदेत आलं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण गावांना पैसे देणारा १५ कोटी पौंडांचा सरकारी निधी त्याआधीच, २०२४ च्या अखेरीस बंद केला गेला. हक्क द्यायचा आणि हात रिकामे ठेवायचे, याला काय अर्थ?

आमच्या गावची सहा महिन्यांची मुदत ऑगस्टमध्ये संपते. हे सगळं मी काकूंना परवा फोनवर सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरं. मग तुमच्या संस्थेच्या नियमांत एक कलम घाला. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी सांगितलं तर दारू विकणं बंद करायचं, पण घर बंद करायचं नाही. चहा, जेवण, तुझ्या बाबांचे डॉमिनोज, सगळं चालू." मसुदा समितीत मी आहे. कलम लिहून इंग्रजीत उतरवलं आहे, आणि जूनच्या सभेत ते मतदानाला ठेवणार आहे.